एडमंड बर्क : सत्तेला ठेव मानणारा परंपरावादी

१७८१ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. इंग्लंडमधील बीकन्सफील्ड या गावाजवळच्या एका बंगल्याच्या आवारात मोठे काचगृह होते. एरवी तेथे थंडीने कोमेजणारी नाजूक रोपे ठेवली जात. त्या उन्हाळ्यात ही जागा एका मराठी ब्राह्मणाच्या स्वाधीन करण्यात आली. तेथे त्याची स्वतंत्र चूल मांडली गेली आणि स्नान, पूजा व सोवळ्यातला स्वयंपाक कोणाच्या स्पर्शाविना व्हावा, अशी व्यवस्था झाली. या पाहुण्याचे नाव हणमंतराव. रघुनाथराव पेशव्यांचे वकील म्हणून ते विलायतेला आले होते. त्यांच्यासमवेत मणियार नावाचे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा असे दोघे होते. लंडनमध्ये त्यांच्या आचारधर्माची कोणालाच कल्पना नव्हती, त्यामुळे त्यांचे अतोनात हाल झाले. ते पाहून पार्लमेंटच्या एका सभासदाने त्यांना आपल्या घरी आणले. या सभासदाचे नाव एडमंड बर्क.

ब्रिटिश परंपरावादी राजकारणाचा मूळपुरुष म्हणून बर्कचे नाव आज जगभर घेतले जाते. राजसंस्था, धर्मसंस्था, सरदारवर्ग आणि पूर्वापार चालत आलेल्या रीती यांची बाजू त्याने ज्या ताकदीने मांडली, तशी इंग्रजी भाषेत क्वचितच कोणी मांडली असेल. परंतु याच माणसाने आपल्या राजाच्या वाढत्या वर्चस्वाविरुद्ध लेखणी उचलली, बंडखोर अमेरिकनांची कैफियत मांडली आणि हिंदुस्थानातील ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराविरुद्ध आयुष्याची जवळजवळ चौदा वर्षे खर्ची घातली. त्याच्या हयातीतच लोक विचारू लागले, की यांतला खरा बर्क कोणता? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आयुष्यातच शोधावे लागते.

दोन धर्मांच्या घरात

बर्कचा जन्म १७२९ च्या जानेवारीत डब्लिन शहरात झाला. वडील रिचर्ड हे वकिली करणारे प्रॉटेस्टंट, तर आई मेरी नेगल ही कॉर्क परगण्यातील जुन्या कॅथलिक घराण्यातली. त्या काळच्या आयर्लंडमध्ये बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती, पण राज्य मूठभर प्रॉटेस्टंटांचे होते. कॅथलिकांना मताधिकार नव्हता, सरकारी अधिकारपदे बंद होती, जमीन धारण करण्यावर कडक निर्बंध होते. हे सर्व कायद्याने, पार्लमेंटच्या संमतीने चालले होते. प्रकृती नाजूक असल्याने लहानग्या एडमंडची काही वर्षे आजोळी, ब्लॅकवॉटर नदीच्या खोऱ्यात गेली. कायद्याच्या शिक्क्यानेही जुलूम करता येतो, ही गोष्ट त्याला पुस्तकात वाचावी लागली नाही. ती त्याच्या आईच्या घरातच होती.

पुढे त्याचे शिक्षण बॅलिटोर येथील क्वेकर पंथीयांच्या शाळेत आणि नंतर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. आई कॅथलिक, वडील प्रॉटेस्टंट, गुरू क्वेकर. १७५० मध्ये तो कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेला, पण त्याचे मन कायद्यात रमेना. वडिलांचा रोष ओढवून त्याने लेखणी हाती घेतली. १७५७ मध्ये भव्यता आणि सौंदर्य या कल्पनांच्या उगमाविषयीचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपातील जाणकारांचे लक्ष या तरुणाकडे गेले. त्याच वर्षी एका कॅथलिक वैद्याच्या कन्येशी, जेन न्यूजंटशी, त्याचा विवाह झाला. दुसऱ्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव आजोबांवरून रिचर्ड ठेवण्यात आले. हाच पुढे बर्कच्या सर्व आशांचा आधार ठरला.

१७५८ पासून बर्कने एका वार्षिकाच्या संपादनाचे काम पत्करले. सरत्या वर्षातील जगभरच्या घडामोडी, लढाया, तह, पार्लमेंटमधील वाद आणि नवी पुस्तके यांचा सुसंगत आढावा त्यात असे. मोबदला होता वर्षाला १०० पौंड. हे काम तसे पडद्याआडचे होते, पण त्याने बर्कला एक सवय लावली. समोर घडणाऱ्या घटनेकडे तो एकटी घटना म्हणून पाहत नसे, तिच्यामागची वीस-पंचवीस वर्षे आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याच्या डोळ्यांपुढे येत. सॅम्युअल जॉन्सन, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स, ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांच्या मंडळात तो याच काळात वावरू लागला. जॉन्सन कट्टर टोरी आणि बर्क व्हिग, तरीही दोघांनी एकमेकांच्या बुद्धीचा मान अखेरपर्यंत राखला.

राजा हवा, पण राजाची मर्जी नको

१७६५ मध्ये मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम पंतप्रधान झाला आणि बर्क त्याचा खासगी चिटणीस बनला. त्याच वर्षअखेरीस वेंडोव्हर मतदारसंघातून तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आला. रॉकिंगहॅमचे मंत्रिमंडळ वर्षभरच टिकले, पण बर्कची निष्ठा टिकली. १७६८ मध्ये त्याने बीकन्सफील्डजवळ सुमारे ६०० एकरांची जहागीर विकत घेतली, तीही बहुतांशी कर्ज काढून. हे कर्ज त्याला जन्मभर पुरले. सरदारांच्या पंगतीत बसणारा, पण स्वतः सरदार नसलेला आयरिश माणूस, ही त्याची ओळख लंडनने कधी पुसू दिली नाही. व्यंगचित्रकार त्याला कॅथलिक पाद्र्याच्या वेषात रंगवीत.

तिसऱ्या जॉर्जने राज्यावर आल्यापासून मंत्र्यांवर आणि पार्लमेंटवर आपली पकड वाढवण्याचा प्रयत्न चालवला होता. त्याची साधने तलवार किंवा तुरुंग ही नव्हती. नेमणुका, वर्षासने, मानाची आणि बिनकामाची पदे वाटून सभासदांना मिंधे करणे ही त्याची रीत होती. १७७० मध्ये बर्कने तत्कालीन असंतोषाची कारणे शोधणारे एक पुस्तक लिहिले. राजा असावा, राजपदाला मान असावा, पण दरबारातील अदृश्य मंडळींनी राजाच्या नावावर जबाबदार मंत्र्यांना खेळवू नये, असे त्याने त्यात मांडले. यावर उपाय म्हणून समान तत्त्वांवर उघडपणे एकत्र आलेल्या लोकांच्या राजकीय पक्षाची कल्पना त्याने पुढे केली. तोवर पक्ष म्हणजे स्वार्थी टोळी असा समज रूढ होता. राजकीय पक्षाला सभ्य आणि आवश्यक संस्था म्हणून मान्यता मिळवून देण्याचे श्रेय बरेचसे बर्ककडे जाते.

पुढे १७८२ मध्ये अल्पकाळ सत्ता हाती येताच त्याने हे बोलणे कृतीत आणले. राजाच्या खर्चावर पार्लमेंटचे नियंत्रण आणणारा आणि अनेक निरुपयोगी पदे रद्द करणारा कायदा झाला. बर्ककडे सैन्याच्या पगारखात्याचे पद आले होते. या पदावरील अधिकाऱ्याकडे सरकारचा प्रचंड पैसा पडून असे आणि त्याचे व्याज खिशात घालणे हा जुना रिवाज होता. कर्जात बुडालेल्या बर्कने स्वतःच पुढाकार घेऊन कायद्याने तो बंद केला.

अमेरिकेच्या प्रश्नातही त्याची भूमिका याच जातीची होती. वसाहतींवर कर लादण्याचा पार्लमेंटला अधिकार आहे की नाही, या काथ्याकुटात त्याला रस नव्हता. लोक आपल्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे असे मानतात, ते स्वातंत्र्य एका फटक्यात हिरावून घेणे शहाणपणाचे आहे काय, हा त्याचा प्रश्न होता. १७७४ व १७७५ मधील त्याची समेटाची भाषणे सभागृहाने ऐकली आणि फेटाळली. युद्ध झाले आणि इंग्लंडने वसाहती गमावल्या.

१७७४ मध्ये ब्रिस्टल या मोठ्या व्यापारी शहराने त्याला निवडून दिले. निवडून येताच त्याने मतदारांना बजावले, की प्रतिनिधी हा मतदारांचा सांगकाम्या नव्हे आणि स्वतःची विवेकबुद्धी त्यांच्या मर्जीवर ओवाळून टाकणे ही त्यांची सेवा नव्हे. सहा वर्षांनी या वाक्याची किंमत वसूल झाली. आयर्लंडच्या व्यापारावरील बंधने सैल करावीत आणि कॅथलिकांना थोड्या सवलती द्याव्यात, या बर्कच्या मतांमुळे ब्रिस्टलचे व्यापारी खवळले. १७८० मध्ये पराभव अटळ दिसताच त्याने माघार घेतली. रॉकिंगहॅमच्या कृपेने माल्टन या छोट्या मतदारसंघातून तो पुन्हा सभागृहात आला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये लंडनमध्ये कॅथलिकविरोधी दंगल पेटली. जमावाने तुरुंग फोडले, घरे व प्रार्थनामंदिरे जाळली. बर्कचे घरही दंगलखोरांच्या यादीत होते आणि तेथे सैनिकांचा पहारा बसवावा लागला. बर्क स्वतः रस्त्यावर जमावात जाऊन उभा राहिला. बेभान गर्दी धर्माच्या आणि लोकांच्या नावाने काय करू शकते, हे त्याने त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिले. नऊ वर्षांनी पॅरिसहून बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ही आठवण त्याच्या मनात ताजी होती.

काचगृहातील पाहुणे आणि हिंदुस्थानचा प्रश्न

हणमंतराव बीकन्सफील्डला आले, ते या पार्श्वभूमीवर. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारले होते. १७७५ मध्ये सुरतेस तह करून रघुनाथरावांनी साष्टी, वसई देऊ करून इंग्रजांची मदत घेतली आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उभे राहिले. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली, १७८० मध्ये त्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. मदतीचे पारडे मात्र रघुनाथरावांकडे झुकेना. म्हणून थेट विलायतेच्या दरबारी दाद मागण्यासाठी त्यांनी आपले वकील पाठवले होते. त्यांची शिष्टाई निष्फळ ठरली. १७८२ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला आणि इंग्रजांनी रघुनाथरावांचा हात सोडला.

बर्कला या मसलतीत हात घालायचा नव्हता. त्याला पाहुण्यांकडून वेगळेच काही मिळाले. समुद्र ओलांडून आलेला माणूस हाल सोसतो, पण आचार सोडत नाही, ही गोष्ट त्याने जवळून पाहिली. पाहुणे परत निघाले, तेव्हा त्याने रघुनाथरावांना पत्र लिहून वकिलांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी कळवली. तो त्रास अज्ञानातून झाला, मानहानीच्या हेतूने नव्हे, आणि यापुढे असा कोणी आला तर काय व्यवस्था लागते ते आता ठाऊक झाले आहे, असा त्याचा आशय होता. ज्या काळात कंपनीचे बहुतेक अधिकारी या आचारांची थट्टा करीत, त्या काळात बर्कने त्यांच्याकडे एका प्राचीन समाजाचा कायदा म्हणून पाहिले.

त्याच वर्षापासून तो पार्लमेंटच्या हिंदुस्थानविषयक चौकशी समितीत काम करू लागला. कंपनीच्या दप्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्याने वाचून काढले. हिंदुस्थानात तो कधीही गेला नाही, पण बंगालमधील जमीनमहसूल, कर्नाटकातील कर्जे, अवधच्या बेगमांचे खजिने यांची माहिती तेथे वर्षानुवर्षे राहून आलेल्या अनेकांपेक्षा त्याच्याकडे अधिक होती. या आस्थेला एक काळी किनारही होती. त्याचा जिवलग नातलग विल्यम बर्क कंपनीच्या रोख्यांच्या सट्ट्यात बुडाला होता आणि पुढे तंजावरच्या मराठे राजांचा मुखत्यार म्हणून काम पाहत होता. त्यामुळे बर्कची हिंदुस्थानविषयीची कळकळ निखळ नाही, असा आक्षेप विरोधक घेत. सुरुवातीच्या काळापुरता हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण पुढच्या दशकात बर्कने जे ओझे उचलले, त्यात त्याला लाभ काहीच नव्हता.

१७८३ मध्ये चार्ल्स जेम्स फॉक्सने कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या मंडळाच्या हाती देणारे विधेयक आणले. त्यामागील मेहनत बर्कची होती. कॉमन्सने ते मंजूर केले. तेव्हा राजाने उमरावांच्या सभागृहात निरोप फिरवला, की जो या विधेयकाच्या बाजूने मत देईल त्याला राजा आपला शत्रू समजेल. विधेयक पडले आणि मंत्रिमंडळही गेले. राजाच्या ज्या छुप्या वजनाविरुद्ध बर्कने तेरा वर्षांपूर्वी लिहिले होते, त्यानेच त्याच्या हिंदुस्थानविषयक सुधारणेचा घास घेतला.

मग बर्क थेट माणसावर आला. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज १७८५ मध्ये मायदेशी परतला. काशीच्या राजा चेतसिंगाकडून उकळलेला पैसा, अवधच्या बेगमांची लूट, रोहिल्यांविरुद्ध भाड्याने दिलेले सैन्य, लाचलुचपत असे अनेक आरोप बर्कने त्याच्यावर ठेवले. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उमरावांपुढे महाभियोग सुरू झाला. राणी, राजपुत्र, परदेशी वकील, लेखक, नटनट्या यांनी सज्जे भरून गेले. बर्कचे आरंभीचे भाषण चार दिवस चालले.

हेस्टिंग्जच्या बचावाचा एक धागा असा होता, की आशियात अनियंत्रित सत्ता हीच रीत आहे आणि तेथे राज्य करायचे तर तीच रीत पत्करावी लागते. बर्कचा खरा संताप या युक्तिवादावर होता. भूगोल बदलला म्हणून नीती बदलत नाही. अनियंत्रित सत्ता कंपनीपाशी नाही, राजापाशी नाही आणि पार्लमेंटपाशीही नाही. मग ती त्यांनी हेस्टिंग्जला दिली कोठून? हिंदू आणि मुसलमान या दोघांनाही आपापले लिखित कायदे आहेत आणि तेथील राज्यकर्तेही त्यांना बांधील होते, असे त्याने दाखवले. प्रजेवरील सत्ता ही प्रजेच्या हितासाठी सोपवलेली ठेव आहे आणि ठेवीचा हिशेब द्यावाच लागतो, हे त्याचे मुख्य सूत्र होते.

या खटल्यात बर्कचा तोलही सुटला. नंदकुमाराच्या फाशीविषयी त्याने इतके जहाल शब्द वापरले, की १७८९ मध्ये खुद्द कॉमन्सने त्याच्यावर ठपका ठेवला. हेस्टिंग्जची दुसरी बाजू त्याने पाहिलीच नाही. हाच हेस्टिंग्ज फार्सी व बंगाली जाणणारा होता, संस्कृत विद्येला आश्रय देणारा होता आणि विल्किन्सच्या भगवद्गीतेच्या इंग्रजी भाषांतराला प्रस्तावना लिहिणाराही होता. खटला सात वर्षे रेंगाळला. सज्जे ओस पडले, अनेक उमराव मरण पावले, लोक कंटाळले. २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला आणि कंपनीने त्याला वर्षाला ४,००० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. बर्कच्या दृष्टीने हे त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य होते आणि ते हरले होते.

पॅरिसची आग

खटला चालू असतानाच १७८९ उजाडले. फ्रान्समधील क्रांतीचे इंग्लंडमध्ये बहुतेकांनी स्वागत केले. अमेरिकनांचा कैवार घेणारा बर्कही आनंदी असेल, असा सर्वांचा समज होता. ऑक्टोबरमध्ये पॅरिसचा जमाव व्हर्सायच्या राजवाड्यात शिरला आणि राजाराणीला जवळजवळ कैद्यांसारखे राजधानीत घेऊन आला. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने या घटनांचा गौरव करणारे प्रवचन केले. बर्कने उत्तर लिहायला घेतले. एका तरुण फ्रेंच परिचिताला लिहिलेल्या पत्राच्या रूपातील हा ग्रंथ १ नोव्हेंबर १७९० रोजी बाहेर पडला. पहिल्या पाच आठवड्यांत सुमारे १३,००० प्रती खपल्या. त्या काळाच्या मानाने हा खप अचाट होता.

राजसत्तेविषयीचे बर्कचे चिंतन येथे पूर्णत्वास गेले. समाज म्हणजे आज जिवंत असलेल्यांनी आपसांत केलेला व्यवहार नव्हे. मागे होऊन गेलेले, आज असलेले आणि पुढे येणारे या सर्वांची ती भागीदारी आहे. वडिलोपार्जित वाडा पावसात गळत असेल तर कौले बदलावीत, तुळई नवी घालावी, पण भिंती आणि पाया तपासल्यावाचून सगळाच वाडा पाडू नये, अशी त्याची दृष्टी होती. इंग्लंडने १६८८ मध्ये राजा बदलला, पण राजपद ठेवले. दुरुस्ती कशी करावी याचा हा त्याच्या मते आदर्श होता. माणसाचे हक्क कागदावर मांडून त्यावरून नवे राज्य रचता येत नाही. रूढी, भक्ती, लाज, सवय यांचे धागे एकदा तोडले की लोकांना आवरण्यासाठी शेवटी बंदूकच उरते. या तर्काने त्याने एक भाकीत केले. क्रांतीच्या गोंधळातून एखादा लोकप्रिय सेनानी पुढे येईल आणि तोच सर्वांचा धनी होईल. तेव्हा नेपोलियन बोनापार्ट हा कोणाच्या खिजगणतीत नसलेला तरुण अधिकारी होता. भाकीत खरे व्हायला नऊ वर्षे लागली.

ग्रंथातील एक भाग विशेष गाजला. बर्कने फ्रान्सच्या राणीला, मारी आंत्वानेतला, सुमारे सोळा वर्षांपूर्वी व्हर्सायला पाहिले होते. तिच्या अपमानाचे त्याने केलेले वर्णन काहींना हृदयस्पर्शी वाटले, तर काहींना हास्यास्पद. मेरी वोल्स्टनक्राफ्ट आणि टॉमस पेन यांनी त्याला खरमरीत उत्तरे लिहिली. राणीचे दुःख दिसणाऱ्या या डोळ्यांना भाकरीसाठी व्हर्सायला चालत गेलेल्या पॅरिसच्या बायकांची भूक का दिसली नाही, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल आजही बर्कच्या बाजूने पूर्णपणे सोडवता आलेला नाही. अवधच्या बेगमांच्या आणि बंगालच्या रयतेच्या यातना सांगताना ज्याची वाणी थरथरत असे, त्याने फ्रेंच शेतकऱ्याच्या पाठीवरील करांचे ओझे थोडक्यात आटोपले.

तिसऱ्या जॉर्जला मात्र पुस्तक अतिशय आवडले. हा विरोधाभास लहान नव्हता. दोनच वर्षांपूर्वी राजाला वेडाचा झटका आला असता बर्कने युवराजाच्या राजप्रतिनिधित्वाची बाजू अशा कठोर शब्दांत मांडली होती, की दरबार दुखावला होता. आता तोच दरबार त्याला डोक्यावर घेऊ लागला आणि जुने मित्र दूर गेले. ६ मे १७९१ रोजी भर सभागृहात बर्कने फॉक्सशी असलेली पाव शतकाची मैत्री संपल्याचे जाहीर केले. फॉक्स उत्तर द्यायला उठला आणि त्याला रडू आवरेना. बर्कने माघार घेतली नाही. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याने फ्रेंच क्रांतीच्या धोक्याचा पुरावा म्हणून कोटाखालून खंजीर काढून सभागृहाच्या जमिनीवर फेकला, तेव्हा लोक हसले. महिना उलटण्याच्या आत, २१ जानेवारी १७९३ रोजी, सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. ऑक्टोबरमध्ये राणीचाही झाला. हसू मावळले.

शेवटची वर्षे

१७९४ च्या जूनमध्ये हेस्टिंग्जच्या खटल्यातील नऊ दिवसांचे समारोपाचे भाषण संपवून बर्क पार्लमेंटमधून निवृत्त झाला. माल्टनची जागा मुलाला मिळाली. बर्कला उमरावपद देऊन लॉर्ड बीकन्सफील्ड करण्याचा विचारही चालू होता. २ ऑगस्ट रोजी रिचर्ड वारला. तो अवघा ३६ वर्षांचा होता. ज्याने पिढ्यांच्या साखळीचे तत्त्वज्ञान मांडले, त्याचीच साखळी तुटली. वारस नसलेल्या माणसाला उमरावपद काय कामाचे? तो विषय तेथेच संपला आणि त्याऐवजी निवृत्तिवेतन देण्यात आले. त्यावरही एका गर्भश्रीमंत ड्यूकने टीका केली. राजाच्या मेहेरबानीवर ज्याच्या पूर्वजांनी अफाट जमिनी मिळवल्या, त्याने आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या पेन्शनीवर बोट ठेवावे, यावर बर्कने १७९६ मध्ये जे उत्तर प्रसिद्ध केले, ते इंग्रजी गद्यातील तिखट लेखनाचा नमुना मानले जाते. सरदारवर्गाचा हा कैवारी सरदारांना त्यांची पायरी दाखवायला कचरला नाही.

दुःखातही त्याचे काम थांबले नाही. क्रांतीमुळे परागंदा झालेल्या फ्रेंच कुटुंबांतील मुलांसाठी त्याने घराजवळच्या पेन या गावी शाळा काढली. आयर्लंडच्या कॅथलिकांना न्याय मिळावा म्हणून तो अखेरपर्यंत पत्रे लिहीत राहिला. ९ जुलै १७९७ रोजी बीकन्सफील्डच्या घरी त्याचा अंत झाला. गावच्या चर्चमध्ये मुलाशेजारी त्याला पुरण्यात आले.

वारसा कोणाचा?

ब्रिटनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह हे पक्षाचे नाव बर्कच्या मृत्यूनंतर तीन-चार दशकांनी रूढ झाले. बर्क स्वतःला शेवटपर्यंत व्हिगच म्हणवीत होता. त्याला न मिळालेली बीकन्सफील्डची पदवी १८७६ मध्ये बेंजामिन डिझरेलीने घेतली. त्याच वर्षी या कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानाने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब देणारा कायदा संमत करून घेतला. ज्या साम्राज्याला बर्कने उमरावांपुढे जाब विचारला, त्याच्यावर आता राजमुकुट चढवण्यात आला.

हिंदुस्थानात बर्क वेगळ्या वाटेने पोहोचला. विद्यापीठे स्थापन झाल्यावर येथील महाविद्यालयांतून त्याचे ग्रंथ शिकवले जाऊ लागले. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या पिढीने त्याचा कसून अभ्यास केला. सनदशीर मार्ग, क्रमाक्रमाने सुधारणा आणि सत्तेकडे हिशेब मागण्याचा हक्क या कल्पना त्यांना तेथे सापडल्या. इंग्रजांना इंग्रजांच्याच भाषेत जाब विचारण्याचे शस्त्र त्यांच्याच एका परंपरावाद्याने हाती दिले होते. मात्र परंपरेचा आदर म्हणजे तिच्यातील अन्यायालाही संरक्षण काय, हा प्रश्न आपल्याकडच्या समाजसुधारकांपुढे बर्कपेक्षा कितीतरी कठोर रूपात उभा होता. काचगृहातील सोवळे पाहून बर्कला एका समाजाची निष्ठा दिसली. त्याच सोवळ्याने किती जणांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते, हे त्याला दिसण्याचे कारण नव्हते.

तरीही त्याच्या दोन रूपांतले अंतर वाटते तेवढे मोठे नाही. तिसऱ्या जॉर्जची मर्जी, कंपनीचा गव्हर्नर जनरल आणि पॅरिसची क्रांतिकारी सभा या तिघांत त्याला एकच दोष दिसला. आपल्या हाती असलेली सत्ता आपली स्वतःची आहे आणि तिला कोणाला उत्तर द्यायचे नाही, असे तिघेही मानत होते. राजाला राजपद सोडू न देता त्याला मर्यादेत ठेवणे आणि लोकांना लोकशाहीच्या नावाने बेबंद होऊ न देणे, ही दोन्ही कामे त्याच्या लेखी एकच होती.

बीकन्सफील्डचे बर्कचे घर १८१३ मध्ये आगीत भस्मसात झाले. १८१८ च्या जूनमध्ये रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव कंपनीला शरण गेले आणि पेशवाई संपली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जही आपल्या गावी, पुन्हा मिळवलेल्या वडिलोपार्जित वास्तूत, वृद्धापकाळाने मरण पावला. बर्कला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. कंपनीकडे हिशेब मागायला पार्लमेंटमध्ये त्याच्या तोलाचे कोणी उरले नव्हते.